एका पिंजऱ्यात वेगवेगळे पक्षी: कुणाला कुणाशेजारी बसवायचं?

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण अर्ध्या मारामाऱ्या तिथूनच सुरू होतात. मराठीत ज्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, तो लांब शेपटीचा, हिरवा-पिवळा किंवा निळा-पांढरा, पंखांवर काळ्या रेघा असलेला पक्षी बहुतेक वेळा बजी (बजरीगर) असतो. मूळ ऑस्ट्रेलियाचा, वजन ३० ते ४० ग्रॅम. खरा लव्हबर्ड आफ्रिकेकडचा: आखूड शेपटी, जाड मान, दणकट चोच, वजन साधारण ४५ ते ६० ग्रॅम. त्यामुळे 'लव्हबर्ड फिंचसोबत (चिमणीसारख्या छोट्या पक्ष्यांसोबत) राहतात का?' या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. बजीबद्दल विचारत असाल तर 'शक्यतो नको', आणि खऱ्या लव्हबर्डबद्दल असेल तर 'कधीच नको'.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. रंगीबेरंगी पक्षी एका दांडीवर खेटून बसलेत, एकमेकांची पिसं साफ करतायत, असं चित्र डोळ्यांसमोर ठेवून लोक मिश्र पिंजरा भरतात. खेटून बसतात ते एकाच जातीचे पक्षी. वेगळ्या जातींमध्ये जास्तीत जास्त काय मिळतं, तर दुर्लक्ष. डायमंड डव्ह हे छोटं कबुतर खाली फळीवर बसलेलं आहे, वरून झेब्रा फिंच उड्या मारत गेली आणि दोघांनीही एकमेकांकडे ढुंकून पाहिलं नाही, की समजा तुमचा पिंजरा जमला. पुढचं सगळं या दुर्लक्षाची सोय करण्यासाठी आहे.

पायरी पहिली: चोच पाहून यादी करा

आकारापेक्षा चोच महत्त्वाची. बाकदार चोचीचे म्हणजे पोपटाच्या कुळातले: बजी, कॉकटेल, लव्हबर्ड, पॅरटलेट. सरळ, शंकूसारख्या चोचीचे म्हणजे फिंच, कॅनरी, जावा. बाकदार चोच हा पोपटांचा तिसरा हात असतो. दिसेल ते धरायचं, चावायचं, दाबून बघायचं. शेजारी बसलेल्या फिंचचा काडीसारखा पायही त्यात आला. यात राग असावाच लागतो असं नाही, बऱ्याचदा नुसतं कुतूहल असतं. झेब्रा फिंचचं वजन १२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बजी तिच्या तिप्पट. तिचा पाय मोडायला एक चावा पुरतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या पिंजऱ्यात बजींची एक जोडी आणि झेब्रा फिंचची एक जोडी ठेवली होती. पाच महिने काहीच झालं नाही. मग बजीची मादी विणीला आली आणि दोन दिवसांत फिंचच्या नराचा पाय गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याखाली लोंबकळत होता. तो जगला, पण उरलेलं आयुष्य एका पायावर. 'आमच्याकडे तर व्यवस्थित राहतात' असं कुणी सांगितलं की मी विचारतो, किती महिने झाले? आणि मादी विणीला आली होती का?

म्हणून पहिला नियम: बाकदार आणि सरळ चोच एका पिंजऱ्यात नको. माणूस आत चालत जाऊ शकेल अशा मोठ्या पक्षीघरात, जिथे फिंचना पळून जायला जागा आणि दडायला झुडूप असतं, तिथे काही अनुभवी लोक बजी आणि फिंच एकत्र सांभाळतात. घरातल्या पिंजऱ्यात ती जागाच नसते.

आता सरळ चोचीवाल्यांपैकी कोण कुणासोबत ते पाहू. बंगाली फिंच (सोसायटी फिंच) ही या सगळ्यांत गरीब. तिचा रानटी अवतारच नाही, माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या पाळून घडवलेली जात. गोल्डियन फिंच दिसायला झगझगीत, स्वभावाने शांत, थोडी लाजाळू. या दोघी स्वभावाने एकत्र बसतात, पण त्यांच्यात एका आजाराची मेख आहे, ती पुढे सांगतो. झेब्रा फिंच लहान असूनही आगाऊ: दुसऱ्याच्या घरट्यात शिरणं, घरट्यासाठी दुसऱ्याची पिसं उपटणं हे तिचे उद्योग. झेब्रासोबत शांत गोल्डियन ठेवायची तर जागा ऐसपैस हवी आणि झेब्राची एकच जोडी. जावा फिंच चोचीने आणि अंगाने मोठी. स्वभाव वाईट नाही, पण खाण्याच्या वाटीवर तिचीच सत्ता चालते, लहान फिंचना ताटकळत बसावं लागतं.

कॅनरीचा नर एका पिंजऱ्यात एकच. दोन नर असले की गाणं हेच भांडण होतं, आणि मग नुसतं गाणंही उरत नाही. शांत फिंचसोबत एक कॅनरी विणीचा काळ सोडून चांगली राहते.

डायमंड डव्ह हा माझा आवडता शेजारी. ३० ते ४० ग्रॅमचं इवलंसं कबुतर, मऊ चोच, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त एकाच जोडीला ठेवा, दोन नर आपसात पंख मारत बसतात. आणि जमिनीवर फिरायला बटन क्वेल, म्हणजे चायनीज पेंटेड क्वेल, लाव्याच्या जातीचा छोटा पक्षी. फिंच वर, डव्ह मधल्या फळीवर, क्वेल तळाशी, अशी तीन मजली वस्ती सगळ्यात कमी कटकटीची. क्वेलचीही एकच जोडी, दोन नर कधीच नाहीत.

बाकदार चोचीत मात्र यादी फार आखूड. बजी आणि कॉकटेल जमू शकतात, पण ज्याची भीती वाटते ते उलटं निघतं. कॉकटेल ८० ते १०० ग्रॅमचा, तरी दबतो तोच. बजी त्याच्या पायाची बोटं कुरतडते, शेपटी ओढते, वाटीवरून हुसकावते. कॉकटेल सहन करत राहतो आणि एक दिवस वळून चावतो, तेव्हा बजीची अवस्था वाईट होते. लव्हबर्ड आणि पॅरटलेट यांना कुणासोबतच नको. दोघेही इतर पक्ष्यांच्या पायांच्या बोटांवर हल्ला करतात. लव्हबर्डचा पिंजरा दुसऱ्या पिंजऱ्याला चिकटूनही ठेवू नका, तारेतून धरलेलं बोटही तुटतं.

पायरी दुसरी: पिंजरा

पक्षी आडवे उडतात, हेलिकॉप्टरसारखे उभे नाहीत. त्यामुळे उंच, सुबक, घुमटाचा पिंजरा मिश्र वस्तीला निरुपयोगी, आणि गोल पिंजरा तर कुणालाच नको. लांबी पाहा. फिंचच्या दोन जोड्यांना १२० सेंटिमीटरपेक्षा कमी लांबी मी देत नाही, त्यात डव्ह आणि क्वेल आले तर १८० सेंटिमीटर. बजी-कॉकटेल एकत्र ठेवायचे तर किमान १५० सेंटिमीटर, शिवाय रोज बाहेर उडायला वेळ. 'इतक्या सेंटिमीटरमध्ये इतके पक्षी मावतात' असं कुणी सांगितलं तर त्यातला निम्मा आकडा घ्या. तो हिशोब एका जातीचा असतो, मिश्र वस्तीला पळवाट लागते.

तारांमधलं अंतर सगळ्यात लहान पक्ष्याच्या हिशोबाने: फिंचसाठी १.२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. पिंजरा जस्ताच्या मुलाम्याचा नवा असेल तर आधी व्हिनेगर लावून घासा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा. पोपटवर्गीय पक्षी तारा चघळतात आणि सुटलेलं जस्त पोटात गेलं की विषबाधा होते.

आतली मांडणी करताना एक गोष्ट लक्षात ठेवा: सर्वांत उंच दांडी हे सिंहासन आहे. सिंहासन एकच असेल तर त्यासाठी रोज युद्ध. दोन टोकांना दोन दांड्या, अगदी एकाच उंचीवर लावा. मधली जागा उडायला मोकळी. फिंचला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या, बजीला त्याहून जरा जाड, कॉकटेलला अंगठ्याएवढ्या. खऱ्या झाडाच्या फांद्या उत्तम, जाडी कमी-जास्त असली की पायांना व्यायाम होतो. डव्हला दांडीपेक्षा रुंद, सपाट फळी आवडते. दांड्यांखाली वाटी किंवा पाणी येऊ देऊ नका, हे सांगायची गरज नसावी, पण दर दुसऱ्या पिंजऱ्यात तेच दिसतं.

दोन-तीन ठिकाणी आडोसा करा, पानांच्या डहाळ्या बांधल्या तरी चालेल. पाठलाग होणाऱ्याला एक क्षण नजरेआड होता आलं की बहुतेक भांडणं तिथेच विझतात. क्वेल असेल तर तळाला जाळी नको, वाळू किंवा वाळलेलं गवत हवं, आणि छताला आतून मऊ कापड ताणून बसवा. घाबरलेला क्वेल सरळ वर उसळतो आणि डोकं फोडून घेतो. वरच्यांची विष्ठा त्याच्या अंगावर आणि वाटीत पडते म्हणून त्याची वाटी छपराखाली ठेवा.

पायरी तिसरी: वेगळी खोली, ४५ दिवस

इथे सगळे घाई करतात. नवा पक्षी घरी आला की त्याच संध्याकाळी पिंजऱ्यात सोडायचा मोह होतो. सोडू नका. किमान ३० दिवस, जमलं तर ४५, नवा पक्षी वेगळ्या खोलीत. त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर हवा, धूळ आणि पिसं तीच. आधी जुन्या पक्ष्यांचं खाणं-पाणी, मग नव्याचं, मग साबणाने हात. वाट्या, ब्रश, फडकं सगळं वेगळं.

एवढं कशासाठी? कारण मिश्र वस्तीत एका जातीला न बाधणारं जंतूबीज दुसऱ्या जातीला मारू शकतं. वर म्हटलेली मेख हीच: बंगाली फिंचच्या आतड्यात कोक्लोसोमा नावाचा परजीवी असू शकतो. ती स्वतः टुणटुणीत असते, पण गोल्डियनची पिल्लं त्याने पटापट जातात. कबुतरवर्गीय पक्षी घशातला ट्रायकोमोनास नावाचा परजीवी घेऊन फिरू शकतात आणि तो बजीलाही होतो. गोल्डियन आणि कॅनरीमध्ये श्वासनळीत राहणारे सूक्ष्म किडे आढळतात. रात्री दिवा मालवल्यावर कान देऊन ऐका, बारीक टिकटिक आवाज येत असेल तर तेच. बजीच्या चोचीवर, डोळ्यांभोवती चुनखडीसारखा खरखरीत थर असेल तर ते खरजेचे किडे. पोपटवर्गीयांमध्ये चोच आणि पिसांचा विषाणूजन्य रोग वरून काहीच दिसत नसताना पसरू शकतो. सिटॅकोसिस हा पक्ष्यांचा जिवाणूजन्य आजार तर माणसालाही होतो. त्यामुळे पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून विष्ठेची तपासणी करून घ्या. शिवाय ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घेऊन नव्या पक्ष्याचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. हाच आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

एक जाता जाता: कॉकटेलच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते. श्वासाचा त्रास असलेल्या पक्ष्याला किंवा माणसाला ती जाचते. खोलीत हवा खेळती हवी.

पायरी चौथी: ओळख

वेगळेपणाचा काळ संपला की नव्यांचा पिंजरा जुन्यांच्या शेजारी आणा, मध्ये चार बोटं अंतर ठेवून. एक-दोन आठवडे तसंच राहू द्या. सुरुवातीला तारेवर येऊन आरडाओरडा होईल, हळूहळू कंटाळा येईल. तो कंटाळाच हवा.

ज्या दिवशी एकत्र सोडायचं तो दिवस सुट्टीचा असावा आणि वेळ सकाळची. आधी जुन्या पक्ष्यांना तात्पुरतं बाहेर काढा, पिंजरा धुवा, दांड्या, वाट्या, आडोसे सगळं हलवून नव्या जागी लावा. जुन्यांच्या डोक्यातला 'हे माझं' हा नकाशा पुसला पाहिजे. मग सगळ्यांत भित्र्यांना आधी आत सोडा, डव्ह किंवा गोल्डियन. त्यांनी अर्धा तास जागा पाहिली की बाकीचे. आगाऊ झेब्रा सर्वांत शेवटी.

पहिले दोन तास समोर बसा. चोच उघडून धमकावणं, दांडीवरून एकदा हुसकावणं, हे चालायचंच. एकच पक्षी एकाच पक्ष्याच्या मागे थांबत नसेल, खाली पाडून टोचत असेल, पाय किंवा बोटं धरत असेल तर तिथेच थांबवा. 'मिटवतील आपसात' हे माणसांच्या भांडणाबद्दलही नेहमी खरं नसतं. पिंजऱ्यात तर हरणाऱ्याला जायला जागाच नसते. पहिल्या रात्री मंद दिवा चालू ठेवा. अंधारात दचकून सगळे एकदम फडफडले की लहान पक्षी तारांवर आपटून जखमी होतात. कॉकटेल आणि डव्ह रात्री विशेष दचकतात.

आणि एखाद्याला वेगळं करावं लागलं तर एक रिकामा पिंजरा. दांडी, वाटी, पाणी लावलेला, वापरायला तयार. तो नसेल तर मिश्र पिंजरा सुरूच करू नका.

खाणं

जितक्या जाती, त्याहून एक वाटी जास्त, आणि वाट्या दोन टोकांना. एकमेकांपासून दिसू नयेत अशा लावल्या तर फारच छान, एकट्या दांडगट पक्ष्याला दोन्हीवर पहारा देता येत नाही.

खरी अडचण मिश्रणाची असते. फिंचना राळ्यासारखे बारीक दाणे हवेत. कॅनरीला जरा तेलकट बियाही लागतात. कॉकटेलच्या वाटीतली सूर्यफुलाची बी बजी चोरून खाते आणि काही महिन्यांत गोल होते. त्यामुळे सूर्यफूल वाटीत न टाकता हाताने मोजून द्या. कोवळा पाला, भिजवून मोड आणलेले दाणे सगळ्यांना चालतात, फक्त उन्हाळ्यात दोन तासांनी उरलेलं उचला. समुद्रफेस प्रत्येक पिंजऱ्यात हवाच. डव्ह आणि क्वेल दाणे सालासकट गिळतात, म्हणून त्यांना ग्रिट, म्हणजे पोटात दाणे दळणारे बारीक खडे, लागतं. पोपटवर्गीय आणि फिंच दाणा सोलून खातात, त्यांना त्याची फारशी गरज नाही. अॅव्होकॅडो आणि चॉकलेट कुणालाच नको.

पाण्याचं भांडं उथळ, आंघोळीचं वेगळं. क्वेलची पिल्लं झाली तर पाण्यात गारगोट्या टाका, ती वाटीभर पाण्यात बुडतात.

विणीचा काळ, म्हणजे खरी परीक्षा

वर सांगितलेलं सगळं एकाच कारणाने उधळतं: घरटं. मिश्र पिंजऱ्यात बजीसाठी मडकं किंवा पेटी लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. बजीची मादी त्या भोकासाठी जीव घेण्यापर्यंत जाते. पिल्लं हवीच असतील तर ती जोडी वेगळ्या पिंजऱ्यात न्या.

झेब्रा फिंच तर घरटं नसलं तरी खाण्याच्या वाटीत अंडी घालते. १२ ते १४ दिवसांत पिल्लं बाहेर, तीन आठवड्यांत ती घरट्यातून बाहेर, आणि तीन महिन्यांची होईपर्यंत तीच पुढच्या विणीला तयार. म्हणजे शांत पिंजऱ्यात वर्षभरात गर्दी. मादीचं कॅल्शियमही संपत जातं आणि अंडं अडकून ती दगावते. उपाय: घरट्याची टोपली आणि काड्या-कापूस काढून टाका, उजेड दिवसाला दहा-अकरा तासांवर आणा, पौष्टिक अंडं-खाणं कमी करा. तरी अंडी दिसली तर नुसती काढून घेऊ नका, मादी लगेच दुसरी घालते. त्यांच्या जागी तेवढीच प्लास्टिकची अंडी ठेवा आणि तिला कंटाळून उठू द्या. जवळच्या फिंचजातींत संकरही होतो, त्यामुळे जोड्या पूर्ण ठेवा. एकटा राहिलेला पक्षी दुसऱ्या जातीच्या जोडीत नाक खुपसतो.

जोडीचं गणित बजीत वेगळं. एक जोडी किंवा तीन जोड्या चालतात, दोन जोड्यांत मात्र खटके उडतात. मादी जास्त झाली की भांडणं नक्की. चोचीच्या वरचा, नाकपुड्यांभोवतीचा भाग तपकिरी तर मादी, निळा तर नर, हे मोठ्या बजीत बहुतेक रंगांत लागू पडतं.

रोजची नजर

सकाळी खाणं घालताना पक्षी मोजा. मग पाहा, रात्री कोण कुठे झोपतं. एखादा पक्षी दांडी सोडून कोपऱ्यात तारेला लटकून झोपू लागला तर त्याला कुणीतरी हुसकावतंय. मानेमागची पिसं गेलेली, बोटावर रक्ताचा ठिपका, शेपूट तुटलेली, पिसं फुलवून दिवसभर जमिनीवर बसलेला, श्वासागणिक शेपूट वर-खाली होणारा: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी वेगळा करा. वाटीपाशी बसलाय म्हणजे खातोय असं समजू नका. आजारी पक्षी दाणे नुसते उलटेपालटे करतो. आठवड्याचं वजन १० टक्क्यांनी उतरलं तर तो आकडा खोटं बोलत नाही. १२ ग्रॅमच्या फिंचसाठी १० टक्के म्हणजे सव्वा ग्रॅमसुद्धा नाही, म्हणून काटा ०.१ ग्रॅमचा हवा.

वेगळ्या केलेल्या पक्ष्याला एका बाजूने ऊब द्या, आत साधारण ३० अंश, दुसरी बाजू गार, म्हणजे त्याला स्वतः जागा निवडता येते. रक्त येत असेल तर मक्याचं पीठ लावून स्वच्छ कापडाने हलकेच दाबून धरा आणि डॉक्टर गाठा. बरा झाल्यावर जुन्याच पिंजऱ्यात परत टाकण्याआधी ज्याने त्याला मारलं त्याचं काय, हे ठरवा. बहुतेक वेळा काढायचा असतो तो मारणारा.

कधीतरी एखादा पक्षी जातोच. त्याला फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, आणि डॉक्टरांकडे तपासायला न्या, कारण बाकीचे अजून त्याच वाटीतून खात आहेत. एकट्या उरलेल्याला जोडीदार लगेच आणावासा वाटतो. आणा, पण तो थेट पिंजऱ्यात नको. त्या दुसऱ्या खोलीचं दार पुन्हा उघडायचं आणि ४५ दिवस मोजायला लागायचं.